आपल्या उजेडाची फिल्म

डिजिटल कॅमेऱ्यात रंगाचा निर्णय सगळ्यात शेवटी घेता येतो. फोटो काढला, घरी आलो, जेवणं झाली, मग सावकाश बसून ठरवायचं की आभाळ किती निळं हवं आणि चेहरा किती तांबूस. फिल्मवर हाच निर्णय सगळ्यात आधी घ्यावा लागतो. रोल भरून कॅमेऱ्याचं मागचं झाकण लावलं की पुढच्या ३६ फ्रेमपुरतं बरंच काही ठरून जातं. हिरवा कुठल्या बाजूला झुकणार, पिवळा किती तापणार, सावलीत काय शिल्लक राहणार. समोर काय येणार ते अजून माहीत नाही, पण जे येईल ते कुठल्या रंगात पाहायचं हे आपण ठरवून निघालेलो असतो. फिल्मवर माझा जीव आहे तो मुख्यतः यासाठी.

म्हणूनच ‘कुठली कलर फिल्म घेऊ?’ या प्रश्नाला जी उत्तरं मिळतात ती मला अपुरी वाटतात. पोर्ट्रा घे, सगळ्यात चांगली. गोल्ड घे, परवडते. एक्टार घे, रंग जोरकस येतात. (तिन्ही कोडॅकच्या फिल्म.) यात खोटं काही नाही. पण ही मतं ज्या फोटोंवरून बनलेली असतात ते बहुतेक दुसऱ्याच आभाळाखाली काढलेले असतात. कॅलिफोर्नियाची लांबलेली सोनेरी संध्याकाळ, उत्तर युरोपातली फिकट दुपार, आणि चौकटीत गोरी माणसं. मी फोटो काढते ते आषाढात राजापूरच्या बाजूला, भाद्रपदात साताऱ्याच्या वर, वैशाखात पुण्यात. माझ्या चौकटीतली माणसं गव्हाळ, सावळी, काळी. फिल्म निवडायची तर हा उजेड आणि ही कातडी समोर ठेवून निवडली पाहिजे.

रंगीत निगेटिव्ह फिल्मवर एकाखाली एक असे तीन मुख्य थर असतात. वरचा निळा उजेड टिपतो, मधला हिरवा, खालचा तांबडा. प्रत्येक थरात चांदीच्या क्षारांचे कण आणि रंग तयार करणारी रसायनं. रोल धुताना उजेड लागलेल्या कणांची चांदी होते आणि त्या प्रत्येक कणाभोवती रंगाचा एक बारीक ढग तयार होतो. वरच्या थरात पिवळा, मधल्यात मॅजेंटा म्हणजे जांभळट गुलाबी, खालच्यात सायन म्हणजे हिरवट निळा. मग ब्लीच आणि फिक्सरमध्ये चांदी निघून जाते आणि रंग तेवढा मागे राहतो. एवढं सगळ्या फिल्ममध्ये सारखंच. वेगळेपण पुढे सुरू होतं : कुठला थर किती लांबपर्यंतचा उजेड पाहतो, एका थरात रंग तयार होताना शेजारच्या थराला किती दाबतो, अंधाराकडून उजेडाकडे जाताना रंगाचा चढ किती उभा आहे. हे सगळं कुणीतरी बसून ठरवलेलं असतं. गवत कसं दिसलं तर लोकांना ‘हेच गवत’ वाटेल, आभाळ कसं दिसावं, चेहरा कसा दिसावा. फिल्मचा रंग हा निसर्गाचा रंग नव्हे, एका प्रयोगशाळेतल्या माणसांनी एकमताने मान्य केलेला रंग आहे.

त्यात चेहरा कुणाचा, हा प्रश्न फार महत्त्वाचा. प्रिंटचे रंग जुळवायला कोडॅक लॅबवाल्यांना एक नमुना-फोटो देत असे. त्यावर एक गोरी तरुणी असायची. पहिल्या मॉडेलचं नाव शर्ली होतं, म्हणून त्या कार्डाला सगळे ‘शर्ली कार्ड’च म्हणत. शर्लीचा चेहरा बरोबर आला की मशीन बरोबर. कॅनडातल्या अभ्यासक लोर्ना रॉथ यांनी या कार्डांचा इतिहास खणून काढला. गडद तपकिरी रंगांच्या छटा फिल्मवर नीट येत नाहीत या तक्रारीची दखल आधी घेतली गेली ती चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्यांनी ती केली तेव्हा, असं त्यांनी नोंदवून ठेवलं आहे. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया एकत्र असलेलं कोडॅकचं कार्ड यायला १९९० चं दशक उजाडावं लागलं.

हे वाचल्यावर मी आमच्या घरचे अल्बम पुन्हा उघडून बघितले. आजी काळी होती, चांगली काळीभोर, आणि तिच्या कातडीला उन्हात एक निळसर चमक यायची. १९८० आणि ९० च्या रंगीत प्रिंटमध्ये ती कुठे राखाडी आहे, कुठे विटकरी, आणि एका लग्नातल्या फोटोत तर ऑपरेटरने ‘उजळून’ दिल्यामुळे चेहरा खडूसारखा आणि मागची भिंत पार पांढरी झालेली. तिचा खरा रंग एकाही फोटोत नाही. शेजारी उभ्या असलेल्या गोऱ्या मावशीचा मात्र सगळीकडे आहे. त्या स्टुडिओवाल्या काकांनी आपल्या परीने मन लावूनच काम केलं होतं. त्यांच्या हातात जे आलं होतं तेच एका वेगळ्या चेहऱ्यासाठी बेतलेलं होतं. ‘त्वचेचा रंग छान येतो’ असं कुठल्याही फिल्मबद्दल वाचलं की माझा पहिला प्रश्न असतो, कुणाच्या त्वचेचा?

या प्रश्नावर माझ्या अनुभवात आज सगळ्यात खरी उतरते ती पोर्ट्रा ४००. (नावातला आकडा जितका मोठा तितका फिल्मला उजेड कमी लागतो.) पोर्ट्रा हे नाव १९९८ साली आलं. तेव्हा ती दोन जातींत मिळे, एक सौम्य रंगांची आणि एक उजळ रंगांची. २०१० मध्ये कोडॅकने सिनेमाच्या ‘व्हिजन’ फिल्मचं तंत्र वापरून दोन्हींच्या जागी एकच ४०० आणली, पुढच्या वर्षी १६०. तिची स्तुती करणारे सहसा तिच्या फिकट, दुधाळ रंगांची करतात. मला ती आवडते त्याचं कारण वेगळं आहे. तिच्यात तांबडा पुढे उडी मारत नाही. सावळ्या गालावर उजेड पडतो तिथपासून कानामागच्या अंधारापर्यंत तपकिरीच्या ज्या दहा पायऱ्या असतात, त्या ती वेगळ्या ठेवते. कपाळावरचं कुंकू कुंकवाच्या रंगाचं राहतं आणि त्याचा तांबूसपणा आजूबाजूच्या कातडीवर पसरत नाही.

पण त्यासाठी तिला उजेड भरपूर द्यावा लागतो. मी ती ४०० ची समजत नाही, उजेड मोजायचं मीटर २०० वर लावते, म्हणजे एक स्टॉप जास्त, दुप्पट उजेड. निगेटिव्ह फिल्म जास्तीचा उजेड मुकाट सोसते, दोन-तीन स्टॉपपर्यंतही. कमी उजेड मात्र सोसत नाही, सावल्या मातकट होतात, ग्रेन म्हणजे फोटोतली खरखर वर येते, काळ्या केसांत हिरवट झाक शिरते. आणि काळ्या माणसाचा चेहरा त्या सावल्यांच्या अगदी जवळ असतो. गोऱ्या चेहऱ्यावर अर्धा स्टॉप चुकला तर कळत नाही, काळ्यावर लगेच कळतो.

वारीत हे फार जपावं लागतं. ढगाळ आभाळ, पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी, आणि मधोमध उन्हापावसाने रापलेला चेहरा. कॅमेऱ्याचा मीटर सगळं मिळून मध्यम करड्यावर आणू पाहतो, तेव्हा एवढा पांढरा रंग पाहून तो उजेड कमी करतो, आणि ज्याच्यासाठी फोटो काढायचा तो चेहराच बुडतो. दिवेघाटात उभं राहून मी मीटर आपल्या तळहातावर धरते किंवा सरळ चेहऱ्याजवळ जाऊन मोजते आणि धोतराची काळजी सोडून देते. पोर्ट्रा धोतराची घडी सांभाळून घेते. तेवढी जागा तिच्यात आहे.

आता उजेडाबद्दल. साधी कलर फिल्म ‘डेलाइट’साठी, म्हणजे सुमारे ५,५०० केल्विनच्या उजेडासाठी जुळवलेली असते (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा लहान तितका उजेड पिवळा). भर दुपारचं स्वच्छ ऊन आणि निळं आभाळ एकत्र धरल्यावर जो पांढरा उजेड होतो तो. कोकणात जूनपासून सप्टेंबरपर्यंत असा उजेड क्वचितच भेटतो. ढगांतून गाळून आलेला उजेड निळसर असतो. तो आंब्या-फणसाच्या पानांतून खाली उतरेपर्यंत हिरवा होतो. आणि जांभ्याच्या भिंतीवरून, तांबड्या मातीवरून उसळी घेऊन वर येतो तो तांबूस. एकाच चेहऱ्यावर कपाळ निळसर, गाल हिरवट आणि हनुवटी तांबूस, असं मी कितीदा पाहिलं आहे. आपल्या डोळ्याला ते खटकत नाही, मन दुरुस्त करून घेतं. फिल्मकडे मन नाही.

इथे गोल्ड २०० आणि पोर्ट्रा यांच्यातला फरक उघड होतो. गोल्डचा कल पिवळ्याकडे, उबेकडे. पावसाळी निळसर उजेडात ती ऊब कामाला येते, ओलं अंगण, पडवी, चुलीजवळचा कोपरा यांना एक घरगुतीपण देते. पण हिरव्याचं ती नुकसान करते. तरव्याचा पोपटी, लावणी झालेल्या खाचराचा जरा निबर हिरवा, बांधावरच्या गवताचा वेगळा, शेवाळाचा मखमली, आणि पलीकडे काजूच्या पानांचा काळपट हिरवा. कोकणातला आषाढ म्हणजे या हिरव्यांची आपसातली भांडणं. गोल्ड सगळ्यांत थोडी थोडी हळद मिसळून त्यांना एका घरातले करून टाकते. आषाढातलं भात अश्विनातल्या भातासारखं, पिकायला आल्यासारखं दिसतं. मला ते मान्य होत नाही.

हिरव्याच्या बाबतीत माझं मन जपानच्या फुजीच्या फिल्मवर होतं. फुजीच्या हिरव्यात थोडा थंडपणा असे, पाण्याचा. प्रो ४००एचमध्ये नेहमीच्या तीन थरांच्या जोडीला एक चौथा थर होता, निळा आणि हिरवा यांच्या मधला उजेड ओळखून रंग सावरणारा. झाडाखालच्या उजेडात त्याचा उपयोग दिसायचा. कातडीवर हिरवट छटा कमी चढायची. जानेवारी २०२१ मध्ये फुजीफिल्मने ती बंद केल्याचं जाहीर केलं, कच्चा माल मिळेनासा झाल्याचं कारण देऊन. मला त्याचं खरोखर वाईट वाटलं. एक फिल्म बंद होते तेव्हा जग पाहायची एक रीत बंद होते, आणि ती सॉफ्टवेअरमध्ये हुबेहूब परत आणता येते असं जे म्हणतात त्यांनी इरलं पांघरून खाचरात वाकलेल्या बाईचा फोटो त्या फिल्मवर पाहिलेला नसावा. आता फुजीच्या नावाने ४०० ची फिल्म मिळते, पण तिच्या खोक्यावर ‘मेड इन यूएसए’ छापलेलं असतं आणि तिचा हिरवा तो नाही.

तेव्हा पावसासाठी पुन्हा पोर्ट्रा ४००. वेगासाठीसुद्धा. भर दुपारी बाराला पाऊस कोसळत असताना लेन्स एफ ४ पर्यंत उघडून सेकंदाच्या १/१२५ भागात फोटो निघाला तरी मी खूश असते, आणि परसात झाडाखाली तेही जमत नाही.

माघ-फाल्गुनात हिशेब पार बदलतो. आभाळ कोरडं, ऊन सरळ, पळस, पांगारा आणि काटेसावर फुललेले, पानं नसलेल्या फांद्यांवर निव्वळ तांबडं. तेव्हा मी एक्टार १०० काढते. २००८ साली आलेली ही फिल्म फार बारीक ग्रेनची आहे आणि तांबड्याला ती मोकळं सोडते. चिरेखाणीत ताज्या कापलेल्या जांभ्याच्या भिंती, त्यावरच्या यंत्राच्या आडव्या रेघा, भोकाभोकांतली पिवळी-जांभळी माती, हे एक्टारइतकं दुसऱ्या कुठल्याच निगेटिव्हवर मला दिसलं नाही. पण त्या खाणीत काम करणारा माणूस चौकटीत आला की एक्टार बाजूला ठेवावी. चेहरे लाल होतात, आणि तोच माणूस सावलीत गेला तर निळा पडतो. या फिल्मला उन्हातला दगड कळतो, माणूस तितकासा कळत नाही.

निळ्या-जांभळ्या फुलांबद्दल सविस्तर लिहायलाच हवं, कारण दरवर्षी सप्टेंबरात कासच्या पठारावरून परत आलेली मंडळी हाच प्रश्न विचारतात. फुलं निळी-जांभळी होती, फोटोत गुलाबी का आली? लॅबने घोळ केला का? बहुतेक वेळा लॅबचा काही दोष नसतो. काही निळी फुलं निळ्याबरोबरच एकदम टोकाचा तांबडा उजेडही भरपूर परत फेकतात. इतका टोकाचा की आपल्या डोळ्याला तो जवळजवळ दिसत नाही. फिल्मचा तांबडा थर मात्र आपल्या डोळ्यापेक्षा थोडं पलीकडे पाहतो. त्याला तो तांबडा दिसतो आणि तो इमानदारीने नोंदवतो. निळ्यात तांबडा मिसळतो, म्हणून फूल गुलाबी-जांभळं. फोटोग्राफीच्या पुस्तकांत या प्रकाराला अ‍ॅजेरेटम या फुलाचं नाव आहे, कारण त्याच्यावर ते फार ठळक दिसतं. हे अ‍ॅजेरेटम म्हणजे आपल्याकडे शेताच्या कडेला माजणाऱ्या ओसाडीच्या जातीचंच. मॉर्निंग ग्लोरीच्या काही निळ्या फुलांचंही असंच होतं. सगळ्या निळ्या फुलांचं होत नाही, आणि नुसत्या डोळ्यांनी पाहून कुठल्याचं होईल ते सांगता येत नाही.

मला हे आधी कारवीवर दिसलं. सात-आठ वर्षांनी एकदाच फुलणारं झुडूप, त्यामुळे ‘पुढच्या वर्षी पाहू’ म्हणायची सोय नाही. उन्हात काढलेल्या फ्रेममध्ये फुलं गुलाबीकडे सरकलेली, ढग आल्यावर काढलेल्या फ्रेममध्ये बरीच जागेवर. ढगाळ उजेडात मुळात तांबडा कमी असतो, म्हणून असेल. तेव्हापासून कासला जाताना मी उन्हाची वाट पाहत नाही, उलट धुक्याची पाहते. सोनकी आणि कवल्याचा पिवळा, तेरड्याचा गुलाबी यांना धुक्यात काही होत नाही, त्यांचा रंग कुठल्याही फिल्मवर येतो. निळ्याचंच सगळं नाजूक असतं. तिथे घरी येऊन ‘दुरुस्त’ करायला गेलं तर तेरडाही निळा होतो, कारण दोन्ही गुलाबी आता एकाच जागी येऊन बसलेले असतात आणि त्यांना वेगळं करायला निगेटिव्हमध्ये काही उरलेलं नसतं.

रंग उधळायच्या जत्रांचं गणित याच्या अगदी उलट. जेजुरीला सोमवती अमावास्येला भंडारा उडतो तेव्हा हवाच पिवळी होते. ती हळद चेहऱ्यावर, पायऱ्यांवर, दीपमाळांवर, आणि हवेत असल्यामुळे उजेडावरही बसते. अशा वेळी गोल्डसारखी पिवळ्याकडे झुकणारी फिल्म घातली की पिवळ्यात पिवळा मिसळतो आणि भंडारा वेगळा दिसतच नाही. पिवळा दिसायला त्याच्या शेजारी काहीतरी पिवळं नसलेलं हवं : काळ्या दगडाचा करडा, घोंगडीचा काळा, आभाळाचा तुकडा. म्हणून तिथे थोडी थंड, तटस्थ फिल्म. पोर्ट्रा १६० ऊन असेल तर उत्तम. जोतिबाच्या चैत्र यात्रेतला गुलाल त्याहून अवघड, कारण तो इतका गडद की एक्टारसारख्या जोरकस फिल्मवर त्याचा नुसता एक सपाट डाग होतो. गुलालाच्या आत पोत असतो, वाऱ्याने काढलेल्या रेघा असतात, घामाने झालेले ओघळ असतात. सौम्य फिल्मवर ते राहतात. जिथे रंग मुळातच अफाट आहे तिथे फिल्मने आवाज चढवू नये.

स्लाइड फिल्मबद्दल, म्हणजे जिच्यावर उलटे नव्हे तर थेट सुलटे रंग येतात तिच्याबद्दल, थोडक्यातच लिहिते, कारण आज ती निवडणं फार थोड्यांना शक्य आहे. पण माझी रंगाची समज तिच्यावरच वाढली. पुण्या-मुंबईत गिर्यारोहण संस्थांचे स्लाइड-शो होत, अंधाऱ्या सभागृहात प्रोजेक्टरचा पंखा घोंघावायचा आणि पडद्यावर सह्याद्रीचा कडा उभा राहायचा. काळा कातळ, त्यावर ओलं गवत, आणि हिरवा असा की टाळी वाजवावी. ती बहुधा व्हेल्व्हिया असे. १९९० साली फुजीने काढलेली, ५० ची, संथ, आणि हिरव्या-तांबड्याला बेफाम रंग देणारी. त्याआधीचं राज्य कोडाक्रोमचं. १९३५ ला सुरू झालेली ही फिल्म २००९ मध्ये बंद झाली आणि ३० डिसेंबर २०१० ला अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, पार्सन्स नावाच्या गावच्या शेवटच्या लॅबमध्ये तिचे शेवटचे रोल धुवायला स्वीकारले गेले. तिच्यात रंगाची रसायनं नसतच, ती धुताना बाहेरून घालावी लागत, त्यामुळे ती लॅब बंद म्हणजे फिल्म संपली. रघुबीर सिंह या थोर छायाचित्रकाराने भारत रंगातच पाहायचा असा आग्रह आयुष्यभर धरला, मुंबईही तशीच पाहिली, तो कोडाक्रोमच्या काळात. त्यांच्या चित्रांतला तांबडा मी कितीही वेळ बघत बसू शकते. तो ओरडत नाही, पण चौकटीत कुठे आहे ते एका क्षणात सांगतो.

आज कोडॅकची एक्टाक्रोम ई१०० ही स्लाइड फिल्म आहे, मधे काही वर्षं बंद राहून २०१८ ला परत आलेली. स्लाइडला अर्धा स्टॉपसुद्धा इकडचा तिकडे चालत नाही. आपल्या एप्रिलच्या उन्हात, पदराखालचा चेहरा आणि बाहेरचं अंगण एका चौकटीत घ्यायचं तर स्लाइडवर दोहोंपैकी एक सोडावं लागतं. पहाटेची अर्धी-एक घटका, किंवा श्रावणातला ऊन-पावसाचा मऊ उजेड, एवढ्यापुरतीच मी ती वापरीन. ई-६ या स्लाइडच्या पद्धतीने रोल धुणाऱ्या लॅब आपल्याकडे बोटांवर मोजण्याएवढ्या राहिल्या आहेत, आणि मुंबईच्या तुडुंब गर्दीत बोरा बाजारातून, कॅमेऱ्यांच्या दुकानांमधून, रोल आणून दुसऱ्या शहरात धुवायला कुरिअर करायचा म्हणजे किमतीचा विचार आपोआप येतो.

रात्रीसाठी अनेक जण आता सिनेमाच्या फिल्मकडे वळले आहेत. कोडॅकची व्हिजन३ ५००टी ही बल्बच्या पिवळ्या उजेडासाठी, ३,२०० केल्विनला जुळवलेली. तिच्या पाठीवर रेमजेट नावाचा काळा थर अनेक वर्षं येत असे आणि तो वेगळ्या पद्धतीने धुऊन काढावा लागे. मी चौकशीला गेले तेव्हा लॅबमधले दादा म्हणाले, “ताई, असला रोल आधी सांगून देत जा. ती काजळी माझ्या मशीनमध्ये गेली तर पुढच्या सगळ्यांचे रोल जातात.” सिनेस्टिल ८००टी ही तीच फिल्म, पण तो थर आधीच काढून टाकलेली. थर नसल्यामुळे दिव्यांभोवती तांबडं वलय उमटतं. ते पाहून लोक हरखतात. मला गणपतीच्या मिरवणुकीत, गुलाल आणि दिव्यांच्या माळा एकत्र असताना, ते वलय नकोसं होतं, कारण कुठला तांबडा गुलालाचा आणि कुठला फिल्मचा ते कळेनासं होतं.

शिवाय ज्या उजेडासाठी ती फिल्म बनली तो उजेडच रस्त्यांवरून चालला आहे. २०१५ साली मरीन ड्राइव्हचे पिवळे सोडियम दिवे जाऊन पांढरे एलईडी आले तेव्हा मुंबईत केवढा वाद झाला. फोटोग्राफरच्या बाजूने सांगायचं तर सोडियमच्या उजेडात रंग असतातच फार थोडे, सगळं एका पिवळ्यात बुडतं, कुठलीही फिल्म त्यातून निळी साडी बाहेर काढू शकत नाही. एलईडीखाली रंग दिसतात, पण दिव्यागणिक वेगळे. गल्लीत तीन दुकानं असतील तर तीन प्रकारचा पांढरा. अशा ठिकाणी डेलाइट फिल्मच घालावी आणि दिवे जसे आहेत तसे येऊ द्यावेत, हे माझं मत.

आता ज्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही ते लॅबचं. प्रभातने कोल्हापुरात १९३३ साली ‘सैरंध्री’ रंगीत करायचं धाडस केलं होतं. व्ही. शांतारामांनी प्रिंटसाठी ती जर्मनीपर्यंत नेली, आणि रंग मनासारखे आले नाहीत. कॅमेऱ्यासमोर सगळं बरोबर असूनही रंग शेवटी दुसऱ्याच्या हातात ठरतो, ही गोष्ट इतकी जुनी आहे. निगेटिव्ह स्वतः नारिंगी, उलट्या रंगांची. तिच्यातून सुलटा रंग काढताना स्कॅनरवर बसलेला माणूस किंवा त्यातलं सॉफ्टवेअर निर्णय घेतं. ऑटोवर सोडलं की ते प्रत्येक फ्रेमची सरासरी काढून मध्यम करड्यावर आणतं. जेजुरीचा पिवळा पाहून त्याला वाटतं चूक झाली, ते निळा घालतं. खाचराचा हिरवा पाहून मॅजेंटा घालतं, आणि चेहरा सावळा दिसला की उजळतं. शर्ली कार्ड गेलं तरी हात तसाच वळतो. मी रोल देताना आता तीन गोष्टी सांगते. ऑटो करेक्शन बंद ठेवा, पूर्ण रोल एकाच सेटिंगवर स्कॅन करा, चेहरे उजळू नका. चांगला लॅबवाला हे ऐकून वैतागत नाही, उलट खुर्ची पुढे ओढतो. असा माणूस मिळाला तर दोन फिल्ममधला फरक खऱ्या अर्थाने दिसायला लागतो. नाहीतर पोर्ट्रा आणि गोल्ड सारखीच दिसतात आणि जास्तीचे पैसे वाया जातात.

आपल्या हवेचाही विचार हवा. मे महिन्यात दुकानाच्या काचेच्या कपाटात उन्हाला ठेवलेला रोल मी घेत नाही, तारीख कितीही पुढची असो. उष्णतेने तिन्ही थर सारखे जुने होत नाहीत, म्हणून आधी रंगाचा तोल जातो. घरी फ्रिजमध्ये, हवाबंद डब्यात ठेवावेत आणि वापरायच्या आधी दोन तास बाहेर काढून डबी न उघडता तसेच राहू द्यावेत, विशेषतः कोकणात, नाहीतर थंड फिल्मवर दव धरतं. आणि रोल संपला की लगेच धुवायला टाकावा. पावसाळ्यात कॅमेऱ्यात अर्धा रोल ठेवून दिवाळीची वाट बघू नये.

एका पोर्ट्राला आज हजाराच्या बरेच पुढे पैसे पडतात, त्यामुळे निवड करणं ही ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याचीच गोष्ट होऊ लागली आहे, याचं मला दुःख आहे. म्हणून कुणी विद्यार्थी विचारतो तेव्हा मी त्याला चार प्रकारचे चार रोल घ्यायला सांगत नाही. कलरप्लस किंवा गोल्ड, जी परवडेल ती एकच घे, आणि वर्षभर तीच वापर. एकाच माणसाचा फोटो तिच्यावर चैत्रात काढ, आषाढात काढ, मार्गशीर्षात काढ, उन्हात, पडवीत, ट्यूबलाइटखाली. घरातलं सगळ्यात काळं माणूस निवड. ते जर त्या फिल्मवर खरं आलं, तर बाकी सगळे येतील. नाही आलं, तर उजेड वाढवून बघ, तरी नाही आलं तर मग फिल्म बदल.

डिसेंबर २०२३ मध्ये इंग्लंडच्या हार्मनने, कृष्णधवल इलफर्ड बनवणाऱ्या त्याच कंपनीने, फिनिक्स २०० नावाची स्वतःची पहिली कलर फिल्म आणली. कॉन्ट्रास्ट बराच, ग्रेन जाड, अजून बाल्यावस्थेतली. पण इतक्या वर्षांनी कुणीतरी नव्याने तीन थर रचायला बसलं याचा मला मनापासून आनंद झाला. यंदा लावणीला गावी जाताना माझ्या पिशवीत पोर्ट्रा ४०० चे रोल असतील आणि त्यांच्या जोडीला एक फिनिक्स. काकूचा फोटो दोन्हींवर काढायचा आहे. ती आजीच्याच रंगाची आहे.